मोटार हाकण्यात गंमत ती कशात?

गेल्या महिन्यात आमच्या थोरल्या बहिणीच्या मुलाला मोटार चालविण्याचा परवाना मिळाला. घरी गोडधोड झाले, शेजारीपाजारी येऊन गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हा अठरा वर्षांचा गृहस्थ आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. चहा नको, नाश्ता नको. सरळ मागच्या छपराखाली गेला, ताडपत्री उचलली आणि म्हणाला, "मामा, ही मला चालवू द्या."

ही म्हणजे आमच्या वडिलांची मॉरिस मायनर. बाबांनी ती 1974 साली साखर कारखान्यातल्या एका कारकुनाकडून जुनी म्हणूनच घेतली होती. आता तिचे वय साठीच्या घरात आहे. महिन्यातून एकदा आम्ही ती चालू करतो, चार मैल फिरवून आणतो आणि परत झाकून ठेवतो. ताईच्या दारात मात्र पांढरी शुभ्र, पाच-सहा वर्षांची जपानी गाडी उभी आहे. तिला गिअर बदलायला नको, मागे जाताना ती पडद्यावर चित्र दाखवते, पट्टा ओलांडला की किणकिणते आणि पुढे कोणी आडवे आले तर स्वतःच ब्रेक लावते. असे असताना या पोराला ही म्हातारी का हवी? आम्ही विचारले. तो म्हणाला, "आईची गाडी चांगली आहे, पण ती चालवताना मी नुसता बसलेला असतो."

वाचकहो, उत्तर ऐकून आम्ही जरा गप्प झालो. वर्गात एखादा मुलगा चुकीच्या शब्दांत बरोबर उत्तर देतो तेव्हा मास्तराचे होते तसे आमचे झाले. ताईचे म्हणणे मात्र एका वाक्यात संपले: त्या गाडीला तू हात लावायचा नाहीस. ताईला तसे म्हणण्याचा अधिकार का आहे ते पुढे येईलच.

पहिल्याने एक गैरसमज दूर करू. पुष्कळांना वाटते की मोटारीतली गंमत म्हणजे वेग. आमच्या बेटावर हे गणित बसतच नाही. बेटाची लांबी पासष्ट किलोमीटरच्या आसपास. मोठ्या हमरस्त्यावर वेगाची मर्यादा जास्तीत जास्त 110, आणि गावात शिरलो की दुचाक्या, बस, कोंबड्या, शाळेची पोरे. तीनशे घोड्यांची गाडी येथे आणली तरी त्यातले अडीचशे घोडे तबेल्यात झोपूनच राहायचे. अशा गाडीत ताशी साठने जाताना काहीच घडत नाही. मायनरमध्ये ताशी साठ म्हणजे कानाला, हाताला, पायाला आणि पाठीच्या कण्याला काम असते. गंमत वेगाच्या आकड्यात नसते. त्या वेगाला माणसाला काय काय करावे लागते आणि गाडी त्याला काय काय कळवते, यात असते.

मायनरचा जन्म पाहिला की हे ध्यानात येते. तिचा आराखडा अलेक इसिगोनिस या अभियंत्याने केला, त्यानेच पुढे 1959 साली मिनी ही गाडी केली. मायनर 1948 सालच्या लंडनच्या मोटार प्रदर्शनात लोकांसमोर आली. युद्ध नुकतेच संपलेले, इंग्लंडात पैशाची चणचण, गाडी साध्या संसारी माणसासाठी. कंपनीचे मालक लॉर्ड नफील्ड यांना तर ती मुळीच आवडली नव्हती. इसिगोनिसने नमुन्याची गाडी तयार झाल्यावर पाहिले, ती त्याला अरुंद वाटली. त्याने ती उभी मधोमध कापवून घेतली, दोन अर्धे एकमेकांपासून हळूहळू दूर सरकवले, आणि चार इंच अंतर पडले तेव्हा थांबा म्हटले. आजही मायनरच्या बॉनेटवर मधोमध एक सपाट पट्टी दिसते, ती त्या चार इंचांची खूण. रुंदी वाढल्याने ती बसायला ऐसपैस झाली, आणि वळणावर जमीन धरून राहू लागली. जिची जमात पुढे दहा लाखांवर गेली अशी ही पहिली ब्रिटिश मोटार. त्या निमित्ताने 1961 च्या सुरुवातीला फिकट जांभळ्या रंगाच्या सुमारे साडेतीनशे गाड्या काढल्या होत्या. हिंदुस्थानातही ती 'बेबी हिंदुस्थान' या नावाने काही वर्षे रस्त्यावर होती.

आता तिच्यात होते काय? वजन पाऊण टनाच्या आसपास. आमच्या गाडीचे इंजिन 1098 सी.सी.चे, ताकद जेमतेम पन्नास घोड्यांच्या आतली. पण त्या काळच्या पुष्कळ स्वस्त गाड्यांच्या स्टिअरिंगमध्ये ढिलाई असायची, चाक थोडे फिरवले तरी गाडी विचारात पडायची. इसिगोनिसने मायनरला दात्यांच्या पट्टीचे, म्हणजे रॅक आणि पिनियनचे स्टिअरिंग दिले. मधे फार सांधे नाहीत, त्यामुळे हात वळला की पुढची चाके वळतात, आणि चाकाखाली खडा आला तर तो हाताला कळतो. बाबा कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये होते. ते म्हणत, हाताने धरू नकोस, हाताने ऐक.

हे ऐकणे म्हणजे नुसती कविता नाही, त्यामागे पदार्थविज्ञान आहे. गाडी वळते तेव्हा टायरचा जमिनीला टेकलेला भाग थोडा पिळला जातो. हा पीळ चाकाला सरळ करू पाहतो, म्हणून वळणावर स्टिअरिंग हाताला जड लागते. वेग वाढत जातो तसा जडपणाही वाढतो. पण टायरची पकड सुटायच्या थोडे आधी हा पीळ कमी होऊ लागतो, आणि स्टिअरिंग एकाएकी हलके पडते. पकड अजून पुरती गेलेली नसते. गाडी आधी सूचना देत असते. ज्याच्या हाताला ही सूचना कळते तो पाय थोडा उचलतो आणि पुढे जातो. ज्याला कळत नाही तो नंतर लोकांना सांगतो की गाडी अचानक घसरली.

आजच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगला विजेची मोटर साह्य करते. ही पद्धत 1988 साली जपानात सुझुकीच्या सर्वो या चिमुकल्या गाडीत प्रथम आली. आधी तेलाच्या दाबाने साह्य व्हायचे, त्याचा पंप इंजिनावर सतत फिरत राहून पेट्रोल खायचा. विजेची मोटर लागेल तेवढीच काम करते, पेट्रोल वाचते, बाजारात गाडी लावताना एका बोटाने चाक फिरते. आमच्या आजारी सांध्यांच्या मावशीला विचारा, ती या मोटरला आशीर्वाद देईल. पण रस्ता आणि हात यांच्यामध्ये आता एक दुभाषा आला. संगणक मोजतो, ठरवतो, आणि खडबडीत गोष्टी गाळून उरलेले हाताला देतो. चांगला दुभाषा असेल तर बोलणे समजते. वाईट असेल तर रस्ता काहीही म्हणो, हाताला एकच उत्तर: सगळे ठीक आहे.

पायाचेही तसेच. मायनरमध्ये पेट्रोलच्या पायपट्टीपासून कार्बुरेटरपर्यंत दुवा जातो. पाय दाबला की इंजिन लगेच हुंकार देते. आता पायपट्टी ही विजेची कळ झाली आहे. आपण मागणी करतो, संगणक ती मान्य करतो. ताईच्या गाडीत तर गिअरच्या पायऱ्याही नाहीत, दोन कप्प्यांमधून फिरणारा पट्टा आहे. चढावर पाय दाबला की इंजिन एका सुरात रडत राहते आणि गाडी आपल्या सोयीने वर येते. याला गंमत म्हणता येत नाही, पण पोर्ट लुईच्या सकाळच्या गर्दीत क्लच दाबून दाबून ज्याचा गुडघा सुजला आहे त्याने त्या पट्ट्याला नावे ठेवू नयेत.

जपान्यांना ही गोम कळत नव्हती असे मात्र नाही. 1989 च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात माझदा कंपनीने दोन माणसांची, उघड्या टपाची एक छोटी गाडी दाखवली, एम.एक्स.-5. त्या काळात तशा ब्रिटिश गाड्या जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या. तिच्या कर्त्यांनी एक जुना जपानी शब्द पुढे ठेवला होता, जिन्बा इत्ताई. म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. आपल्या मावळ्यांना हा शब्द समजावून सांगावा लागला नसता. इंजिन 1.6 लिटरचे, वजन हजार किलोच्या आत, पुढच्या आणि मागच्या चाकांवर भार जवळपास सारखा, गिअरचा दांडा इतका आखूड की मनगट हलले की काम झाले. गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल एका लांब चौकटीने जोडून टाकले, म्हणजे पाय दाबल्याबरोबर मधे काही न डुलता मागची चाके ढकलू लागावीत. कागदावर हिच्यापेक्षा जोरदार गाड्या ढिगाने होत्या. तरीही दोन माणसांच्या स्पोर्ट्स गाड्यांत तिच्याइतकी दुसरी कोणतीच खपली नाही. 2016 साली दहा लाखावी गाडी तयार झाली.

त्याच्या उलट उदाहरणही सांगू. बी.एम.डब्ल्यू.ची 2011 सालची एम-5 ही महाबलाढ्य गाडी. आत इतकी शांतता की मालकाला इंजिन ऐकू येईना. मग कंपनीने इंजिनाचा आवाज गाडीतल्या स्पीकरमधून ऐकवायची सोय केली! लग्नात नवरदेवाच्या घोड्याला टापांचा आवाज यावा म्हणून ढोलकीवाला बरोबर ठेवण्यासारखे हे झाले.

इथवर वाचून कोणाला वाटेल, आम्ही जुन्याचे भाट आणि नव्याचे वैरी. ताईला तसेच वाटले होते. म्हणून आता 2003 सालची गोष्ट सांगतो.

जून महिना होता, पेरूचा हंगाम. आपल्याला ठाऊकच आहे, या दिवसांत प्लेन शांपान्यच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या लावून लोक पिशव्या, डबे घेऊन झुडपांत शिरतात आणि तांबडे चिनी पेरू तोडतात. आम्ही बाबांना शेजारी बसवून मायनरने शामारेलकडे निघालो होतो. वर पठारावर पडतो तसा बारीक पाऊस पडत होता, रस्त्यावर ओली पाने आणि चिरडलेल्या पेरूंचा चिखल. वेग फार नव्हता, पन्नासही नसेल. एका वळणापुढे एक माणूस हातात बादली घेऊन झुडपातून सरळ रस्त्यावर आला. आम्ही होता नव्हता तेवढा जोर लावून ब्रेक दाबला.

मायनरच्या चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक. पुढची चाके जागच्या जागी घट्ट झाली, आणि गाडी थांबायच्या ऐवजी साबणाच्या वडीसारखी पुढे निघाली. आम्ही स्टिअरिंग उजवीकडे पुरते फिरवले. काही उपयोग झाला नाही. ज्या हातांना त्या स्टिअरिंगने चार वर्षे सगळे काही सांगितले होते त्यांना त्या दोन क्षणांत तिने एक अक्षर सांगितले नाही. कारण सोपे आहे: फिरणारे चाकच गाडीला वळवू शकते. घट्ट झालेले चाक कुठेही तोंड करून असो, ते नुसते घसरते. तो माणूस उडी मारून वाचला. त्याची बादली आमच्या चाकाखाली आली. गाडी डावीकडच्या बांधावर आदळली. आम्हाला खरचटलेसुद्धा नाही. बाबांचे गळ्याजवळचे हाड मोडले. ते पुढे जुळले, पण डावा हात खांद्याच्या वर कधी नीट गेला नाही. गणपती डोक्यावरून नदीत न्यायचे काम त्यांनी त्या वर्षापासून सोडले. त्यांनी आम्हाला एका शब्दाने दोष दिला नाही. ताईने मात्र त्यांना कित्येक महिने सदरा घालायला मदत केली, आणि ती ते विसरलेली नाही.

चाके घट्ट होऊ न देणारे ब्रेक, ज्याला ए.बी.एस. म्हणतात, ते तेव्हा जगात नवे नव्हते. जर्मनीच्या बॉश कंपनीने केलेली विजेच्या संगणकाची पद्धत 1978 साली मर्सिडीझच्या मोठ्या गाडीत बसू लागली होती. प्रत्येक चाकाशेजारी त्याची गती मोजणारे एक यंत्र असते. एखादे चाक एकाएकी मंदावले, म्हणजे घट्ट व्हायला आले, की संगणक त्या चाकावरचा दाब क्षणभर सोडतो, परत देतो, परत सोडतो. हे सेकंदात अनेक वेळा. पायाखालची पट्टी थरथरते, खालून कटकट आवाज येतो. लोक समजतात हे ब्रेक लवकर थांबवण्यासाठी आहेत. ओल्या डांबरावर बहुधा थांबायला मदत होतेच, पण मोकळ्या खडीवर कधी कधी थांबायला जास्तच अंतर लागते. खरा लाभ वेगळा आहे: ब्रेक पुरता दाबलेला असतानाही गाडी वळवता येते. बादलीवाल्या माणसाच्या उजव्या बाजूने जाण्याएवढा रस्ता त्या दिवशी मोकळा होता.

त्यापुढची पायरी 1995 साली आली. पुन्हा बॉश आणि मर्सिडीझच. हात गाडीला कुठे नेऊ पाहतात हे स्टिअरिंगवरचे एक यंत्र मोजते, आणि गाडी खरोखर कुठे फिरते आहे हे दुसरे यंत्र मोजते. दोहोंत फरक पडला तर संगणक एकाच चाकाला ब्रेक लावून गाडी सरळ करतो. शेपूट बाहेर निघाली तर बाहेरच्या अंगाचे पुढचे चाक धरतो. नाक वळायला नकार देत असेल तर आतल्या अंगाचे मागचे. माणसाला पाय एक, पट्टी एक. एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावणे जगातल्या थोरल्या शर्यतवाल्यालाही जमणार नाही. 1997 च्या ऑक्टोबरात स्वीडनच्या एका मोटार मासिकाच्या लोकांनी मर्सिडीझचीच नवी छोटी ए-क्लास गाडी, रस्त्यात सांबर आडवे आले तर कशी वळेल हे पाहण्यासाठी झटकन डावी-उजवी केली, आणि ती उलटली. जगभर गवगवा झाला. कंपनीने काही काळ विक्री थांबवली आणि त्या छोट्या गाडीत ही पद्धत सर्वांना देऊ केली. महागड्या गाडीतली वस्तू संसारी माणसाच्या गाडीत येण्याला एका सांबराने, तेही हजर नसलेल्या, असा हातभार लावला. युरोपात 2014 पासून सर्व नव्या मोटारींना ती सक्तीची आहे.

मग यात गंमत कुठे गेली? आमचे मत असे की कुठेही गेली नाही. ए.बी.एस. आणि ही सावरणारी पद्धत रोजच्या चालवण्यात बोलतच नाहीत. आपण नीट चालवीत असू तर वर्ष वर्ष त्यांची भेट होत नाही. फलकावर घसरत्या गाडीचे चित्र असलेला पिवळा दिवा लुकलुकला तर समजावे की आपल्या वहीवर तांबडी रेघ पडली. दिवा लागू न देता त्याच वळणावरून जाणे, याचीही एक मजा आहे.

खटकतात त्या दुसऱ्या वस्तू. काचेमागच्या कॅमेऱ्याने पांढरे पट्टे पाहून स्टिअरिंग स्वतः ओढणारी पद्धत युरोपातल्या लांबलचक रस्त्यांवर झोपाळू माणसाला वाचवत असेल. पण आमच्याकडे ऊसतोडीच्या दिवसांत समोरून ऊस भरलेला ट्रक अर्धा रस्ता व्यापून येतो आणि आपल्याला पट्टा ओलांडूनच कडेला व्हावे लागते. नेमक्या त्या क्षणी गाडी हात धरून म्हणते, नको. युरोपात 2024 च्या जुलैपासून प्रत्येक नव्या मोटारीला वेगमर्यादा ओलांडली की इशारा देणे भाग झाले आहे. हेतू चांगलाच, पण ज्या वर्गात मास्तर दर मिनिटाला छडी आपटतो त्या वर्गातली मुले शेवटी छडी ऐकेनाशी होतात, हे आम्ही वीस वर्षे पाहत आलो आहोत. आणि आपल्याकडच्या जुन्या जपानी गाड्या तर चावी फिरवताच गोड आवाजात जपानीत काहीतरी बजावतात. ताई दररोज तिला "बोन्झूर" म्हणते. पुढे एका जाणकाराकडून कळले, ती बाई नमस्कार करीत नव्हती. जपानातल्या टोलनाक्याचे कार्ड घातलेले नाही अशी तक्रार करीत होती.

स्वतः ब्रेक लावणाऱ्या यंत्राबद्दल मात्र आम्ही वाईट बोलणार नाही. महाशिवरात्रीच्या आधीच्या रात्री गंगा तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर हजारो लोक कावडी घेऊन चालत असतात. अंधार, धुके, पाऊस, थकलेली पावले. त्या रात्री कॅमेरा जागा असेल तर असू दे. धुक्यात आणि पावसात त्यालाही कमीच दिसते हे ध्यानात ठेवून पाय ब्रेकवर आपलाही असावा, इतकेच.

शर्यतींच्या जगातही हा वाद झाला होता. 1992 साली विल्यम्स संघाची गाडी, जिची बैठक संगणक दर क्षणी वरखाली करी, सगळ्यांना मागे टाकून गेली आणि नायजेल मॅन्सेल विजेता ठरला. 1994 पासून फॉर्म्युला वनने अशी साह्ये बंद केली. चाके घसरू न देणारी पद्धत 2001 साली परत आली आणि 2008 पासून पुन्हा गेली. तेथे कस माणसाचा पाहायचा असतो म्हणून हे नियम. प्लेन शांपान्यच्या रस्त्यावर कोणाचा कस पाहायचा नसतो.

असो. भाच्याचे काय केले ते सांगतो. एका बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या रिकाम्या अंगणात, परवानगी काढून, पाऊस पडून गेल्यावर आम्ही त्याला ताईच्या गाडीत बसवले आणि सांगितले, चाळीसवर ने आणि पूर्ण जोराने ब्रेक दाब. त्याने दाबला, पट्टी थरथरली, आणि तो घाबरून पाय उचलून बसला. जवळजवळ सगळेच नवखे हे करतात. गाडी आपल्याला वाचवायला धावते आणि आपण तिचा हात झटकतो. तिसऱ्या खेपेस त्याने पाय रोवून ठेवला, आणि ठेवल्या ठेवल्या एका रिकाम्या पिंपाला वळसा घातला. मग त्याच जागी मायनर. येथे आम्ही त्याला चाके घट्ट होऊ दिली. गाडी सरळ पिंपाकडे निघाली, स्टिअरिंग पुरते फिरलेले, पोराचा चेहरा पांढरा. पिंप आडवे झाले. त्यानंतर तो अर्धा तास ब्रेक दाबणे, सोडणे, दाबणे शिकत होता. संगणक सेकंदात करतो ते माणसाच्या पायाने, गाढवाच्या गतीने.

पुढच्या रविवारी, रस्ता कोरडा असताना, काझ नोयालहून शामारेलचा घाट आम्ही मायनरने चढलो. चालक भाचा. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन कण्हत होते. एका आखूड वळणावर पहिला गिअर घालावा लागला. मायनरचा पहिला गिअर सहजासहजी पडत नाही. क्लच दाबून मोकळे करा, पेट्रोल द्या, परत क्लच दाबा, मग दांडा ढकला. त्याने दोनदा दात खरवडले, तिसऱ्यांदा दांडा लोण्यात सुरी जावी तसा गेला. वर पोचेपर्यंत सदरा पाठीला चिकटला होता. वेग कुठेही चाळीसच्या वर गेला नव्हता. "मामा, तुम्ही ऐकलंत का?" एवढेच तो म्हणाला. आम्ही ऐकले होते.

परत आलो तेव्हा ताई अंगणातच उभी होती. तिने गाडीभोवती एक फेरी मारली, बांधावर आदळून ठोकून सरळ केलेल्या डाव्या मडगार्डवर हात ठेवला. आम्हाला वाटले आता बोलणे बसणार. ती म्हणाली, "बाबांनी तुला शिकवलं. मला कधी म्हणाले नाहीत, ये बस म्हणून."

यावर आम्हाला काही बोलता आले नाही. खरेच होते. ती आमच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, आणि मायनरमध्ये तिची जागा नेहमी मागे, आईशेजारी. मोटार चालवायला ती शिकली ती लग्नानंतर, शिकवणीचे पैसे देऊन. आम्ही चावी पुढे केली. तिने चपला काढून मागच्या बाजूला ठेवल्या, सीट पुढे ओढून घेतली आणि क्लच शोधला. गाडी दोनदा बंद पडली. भाचा हसला, त्याला तिने आरशातून एकदा पाहिले. तिसऱ्यांदा मायनर हिसका देऊन फाटकाबाहेर पडली, आणि आम्ही तिघे देवळापर्यंत सारा रस्ता दुसऱ्या गिअरमध्ये गेलो, कारण तिसरा घालायला ताई तयार होईना. मागे दोन गाड्या आणि एक बस हॉर्न वाजवीत होती. ताईने कोणालाही वाट दिली नाही.

ठरले ते असे. रोजच्या कॉलेजला भाचा पांढरी गाडी नेईल. मायनर फक्त कोरड्या रविवारी, शेजारी आमच्यापैकी एकजण. ब्रेकच्या नव्या लायनिंगची आणि चार नव्या टायरची मागणी नोंदवली आहे. टायरचे पैसे ताई देणार आहे. पहिला रविवार तिचा, असे तिने आधीच सांगून ठेवले आहे.